दादाच्या डोळ्यातली नळी



मार्च महिन्यात जगभर काचबिंदू सप्ताह पाळला जातो. दर वर्षी त्या निमित्ताने या सदरात काही लिहावं असं ठरवतो आणि राहून जातं. यंदा राहू द्यायचं नाही, कारण विषय आता आमच्या घरातच येऊन बसला आहे. माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, उजव्या डोळ्यात गेल्या दीड वर्षापासून सिलिकॉनची एक बारीक नळी आहे. त्या नळीमुळे तो आज स्वतःच्या हाताने चहा करून पितो आणि सकाळी एकटा देवळात जाऊन येतो. पण ती नळी बसेपर्यंत आम्ही घरचे काय काय चुकलो, ते आज सांगणार आहे. दादाला विचारूनच लिहितोय. तो म्हणाला, "लिही बिनधास्त. माझं गेलं ते गेलं, दुसऱ्या कुणाचं जायला नको."

दादा चाळीस वर्षांपूर्वी ताप्ती लाइनच्या गाडीत बसून अमळनेरहून सुरतेला आला आणि उधन्याच्या एका खात्यात साचे चालवायला लागला. आपल्यापैकी अनेकांच्या घरची हीच गोष्ट आहे. खात्यात साच्यांचा आवाज आणि हवेत धाग्याची बारीक तूस. संध्याकाळी डोळे लाल व्हायचे, चुरचुरायचे. कधीतरी एका डॉक्टरांनी आठ दिवसांसाठी म्हणून थेंब लिहून दिले होते. थेंब घातले की डोळे पांढरेशुभ्र व्हायचे, आग थांबायची. आठ दिवस संपले, पण दादाचे थेंब संपले नाहीत. रिकामी बाटली मेडिकलवर दाखवायची आणि नवी घेऊन यायची, असं किती वर्षं चाललं ते त्यालाही आठवत नाही. खात्यातल्या इतरांनाही तो तीच बाटली सांगायचा. त्या थेंबांत स्टिरॉइड होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

चार वर्षांपूर्वीची उत्तरायण. आम्ही सगळे गच्चीवर. दादा पतंगाकडे बघत मागे सरकला आणि डाव्या हाताला असलेल्या टाकीच्या पाइपाला अडखळून पडला. उंधियू खाऊन अंग जड झालं म्हणून आम्ही सगळे हसलो, तोही हसला. त्याच रात्री वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, हे काहीतरी वेगळं आहे. पानात डावीकडे वाढलेली चटणी, कोशिंबीर रोज तशीच राहते. विचारलं तर म्हणतात, तू वाढलीच नाहीस."

मी दादाला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "डावा डोळा दोन-तीन वर्षांपासून मंदच आहे. खात्यातला एक यूपीवाला म्हणाला, काला मोतिया असेल. मोतिया पिकला की ऑपरेशन करू."

मंडळी, आमच्या सगळ्या कहाणीतली सर्वांत महाग चूक या एका वाक्यात आहे, म्हणून थोडं शब्दांविषयी.

एकाच आजाराची तीन नावं

मराठीत काचबिंदू. गुजरातीत झामर. हिंदीत काला मोतिया. आपण सुरतेत राहणारी माणसं तिन्ही भाषा दिवसभर कानावर घेतो आणि तिन्हींत गोंधळतो. मोतीबिंदू, ज्याला इथे मोतियो म्हणतात, तो वेगळा. त्यात डोळ्याच्या आतलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं भिंग बसवलं की गेलेली नजर परत येते. पूर्वी मोतीबिंदू पिकण्याची वाट बघत असत, आता त्याचीही गरज नसते. काचबिंदूत मात्र भिंगाचा काही दोष नसतो. त्यात डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते. एकदा सुकली की ती परत हिरवी होत नाही. जी नजर गेली, ती कायमची गेली. त्यामुळे काचबिंदू पिकण्याची वाट बघणं म्हणजे आंधळं होण्याची वाट बघणं. नावात मोतिया आहे म्हणून दादा वाट बघत बसला आणि डावा डोळा हातचा गेला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे नीट बघितले आणि म्हणाल्या, "काका, आ मोतियो नथी. झामर छे." डोळ्याचा दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. दादाचा डाव्या डोळ्यात ४४ आणि उजव्यात ३६ होता. डाव्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार कळत होता. मग उजव्या डोळ्याची फील्ड टेस्ट केली. यात एका यंत्रात हनुवटी टेकवून समोर बघत बसायचं आणि बाजूला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. दादा बाहेर आला तो खुशीत. म्हणाला, "सोपं होतं रे. फार दिवे लागतच नव्हते." दिवे लागत होते मंडळी, त्याला दिसत नव्हते. कागदावर मधे एक पांढरा ठिपका आणि भोवती काळं. एखाद्या पाइपातून बघावं तेवढंच जग त्याला उरलं होतं. त्याला वाचता येत होतं, समोरच्याचा चेहरा दिसत होता, म्हणून आपली नजर चांगली आहे असं तो समजत होता. हा आजार दुखत नाही आणि कडेने खात येतो. मधली नजर शेवटी जाते. म्हणूनच तो सापडत नाही.

भारतात चाळिशीच्या पुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा २०१० च्या सुमारास तज्ज्ञांनी काढलेला अंदाज आहे. दक्षिण भारतात घरोघरी जाऊन केलेल्या पाहण्यांत असं आढळलं की काचबिंदू असलेल्या दहांपैकी नऊ जणांना तो आहे हे माहीतच नव्हतं. आमचा दादा त्या नऊ जणांतला.

तुंबलेली मोरी

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजेल असं सांगितलं ते असं. डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा पातळ द्रव सतत तयार होत असतो. याचा अश्रूंशी संबंध नाही. तो मिनिटाला जेमतेम अडीच मायक्रोलिटर तयार होतो, म्हणजे दिवसभराचा धरला तरी चहाचा एक चमचा भरायचा नाही. तो भिंगाला आणि बुबुळाला पोसतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातल्या एका बारीक जाळीतून बाहेर जातो. नळ चालू आणि मोरीची जाळी तुंबलेली, असं झालं की पाणी साठतं. डोळ्याला तर बाहेर ओसंडायला जागा नाही. मग दाब वाढतो आणि तो मागच्या नसेवर पडतो. त्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. ते एकेक करून मरतात.

जाळी तुंबण्याची कारणं अनेक. वय, घराण्यातला वारसा, डोळ्याची ठेवण, मार आणि स्टिरॉइडचे थेंबसुद्धा. दादाच्या बाबतीत वारसा आणि थेंब दोन्ही असावेत, असं त्या म्हणाल्या. स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेले दिवस, दाब तपासत वापरलं तर ते डोळा वाचवतं. मेडिकलवरून आपल्या मनाने वर्षानुवर्षं आणलं तर डोळा घालवतं. लहान मुलांना उन्हाळ्यात धुळीची अ‍ॅलर्जी होते, डोळे खाजतात, त्यांनाही आया हेच थेंब घालत राहतात. तुमच्या घरात अशी बाटली असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ती डॉक्टरांना दाखवून या.

उपचाराची पहिली पायरी थेंबांचीच. काही थेंब नळ बारीक करतात, काही मोरी मोकळी करतात. दादाला तीन प्रकारचे थेंब सुरू झाले. दम्याचा त्रास असलेल्यांनी टिमोलॉल असलेले थेंब घेण्याआधी डॉक्टरांना दम्याचं सांगायलाच हवं, कारण त्याने धाप वाढू शकते. थेंब एका वेळी एकच घालायचा, डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबायचा आणि दुसरा थेंब पाच मिनिटांनी घालायचा. वहिनींनी हे इतकं काटेकोर केलं की घड्याळ मागे पडेल, वहिनी नाहीत.

तरीही दाब पुरेसा उतरला नाही. मग ट्रॅबेक्युलेक्टमी नावाची शस्त्रक्रिया झाली. १९६८ पासून चालत आलेली ही पद्धत. डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक छोटी झडप तयार करायची, पाणी त्यातून बाहेर येऊन वरच्या पातळ पडद्याखाली जिरतं. वर्षभर छान चाललं. पण शरीराला तोंड उघडी राहिलेली जखम बघवत नाही. ते भरून काढायला बघतं. दादाची झडप हळूहळू व्रणाने बुजली आणि दाब पुन्हा २७ वर गेला, तोही तिन्ही थेंब आणि गोळ्या चालू असताना. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा इम्प्लांटचं नाव काढलं.

रेशमाच्या धाग्यापासून सिलिकॉनपर्यंत

कल्पना साधी आहे. नैसर्गिक वाट बुजली, केलेली वाटही बुजली, तर आता पाइपच टाकायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही डॉक्टरांनी घोड्याचा केस डोळ्यात घालून पाणी बाहेर काढायचा प्रयत्न केला. १९१२ मध्ये झोराब नावाच्या डॉक्टरांनी त्यासाठी रेशमाचा धागा वापरला. दादाला हे सांगितलं तेव्हा सगळा जन्म धाग्यात काढलेला तो माणूस म्हणाला, "धाग्याने पाणी ओढलं जातं खरं, पण धागा कुजणार, भोक बुजणार." अगदी तसंच झालं. बाहेर येणाऱ्या पाण्याला साठायला जागा नव्हती आणि तोंड व्रणाने बंद व्हायचं.

खरी युक्ती सापडली ती १९६९ मध्ये. दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर अँथनी मोल्टेनो यांनी नळीच्या दुसऱ्या टोकाला एक चकती जोडली. ते पुढे न्यूझीलंडला गेले. चकती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर मागे, वरच्या पडद्याखाली बसवायची. शरीर चकतीभोवती आवरण तयार करतं. मग चकती आणि आवरण यांच्यामध्ये एक छोटी टाकी आपोआप तयार होते. पाणी नळीतून त्या टाकीत येतं आणि आवरणातून हळूहळू शोषलं जातं. जो व्रण आधी वैरी होता, त्यालाच भिंत बांधायच्या कामाला लावलं.

आज मुख्यत्वे दोन प्रकार वापरतात. एकात झडप असते. १९९३ मध्ये अमेरिकेत आलेला अहमद व्हॉल्व्ह हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. दाब एका मर्यादेपेक्षा वाढला की झडप उघडते, त्यामुळे पहिल्या दिवसापासून दाब उतरतो. दुसऱ्यात झडप नसते, पण चकती मोठी असते. बेअरवेल्ट हे त्यातलं नाव. दोन्हींची तुलना करणाऱ्या मोठ्या अभ्यासांत पाच वर्षांनी असं दिसलं की बिनझडपेच्या मोठ्या चकतीने दाब थोडा आणखी खाली राहतो आणि थेंब कमी लागतात, पण दाब नको इतका उतरण्याचा धोकाही तिच्यात थोडा जास्त असतो. कुणाला कोणतं बसवायचं हे डोळा बघून ठरतं.

आता आपल्या अभिमानाची गोष्ट. परदेशी इम्प्लांट महाग. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. डॉ. व्यंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ मध्ये अकरा खाटांवर ते सुरू केलं. मोतीबिंदूची भिंगं स्वस्तात मिळावीत म्हणून त्यांच्या संस्थेने १९९२ मध्ये ऑरोलॅब हा कारखाना काढला. त्याच ऑरोलॅबने २०१३ मध्ये काचबिंदूचं इम्प्लांट आणलं. त्याचं नाव आदी. ते बेअरवेल्टच्या धर्तीवरचं, बिनझडपेचं, सगळं सिलिकॉनचं आहे. चकती ३५० चौरस मिलिमीटरची, म्हणजे अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठी आणि नळी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जाड. किंमत आयात केलेल्या इम्प्लांटच्या अगदी थोड्या भागाइतकी. साचे चालवणाऱ्या माणसाच्या डोळ्यात नळी बसू शकते ती या कारखान्यामुळे. दादाच्या डोळ्यात आदीच आहे.

एकच डोळा

सगळं ऐकून घेतल्यावर दादा घरी दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मला एकच डोळा उरलाय. तोही टेबलावर ठेवायचा? नको. आहे तेवढं बघत राहीन."

त्याचं चुकत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी धोके लपवले नव्हते. दाब फार उतरू शकतो, आत रक्तस्राव होऊ शकतो, काही दिवस एकाचे दोन दिसू शकतात, पुढे काही वर्षांनी नळी बुबुळाला घासून बुबुळ गढूळ होऊ शकतं, नळी उघडी पडली तर जंतुसंसर्ग होऊ शकतो. आणि हे सगळं पत्करूनही गेलेली नजर परत येणार नव्हतीच. आहे ती राखण्यासाठी एवढा खटाटोप.

मी, पुतण्या आणि दादा पुन्हा त्यांच्याकडे गेलो. दादाने सरळ विचारलं, "नाही केलं तर?" त्या म्हणाल्या, "काका, या दाबावर हा डोळाही डाव्याच्याच वाटेने जाईल. कदाचित दोन वर्षांत. ऑपरेशनमध्ये धोका आहे, पण न करण्यात तर खात्री आहे." मी विचारलं की पहिलंच ऑपरेशन परत का करत नाही. त्यांनी सांगितलं की ज्यांची डोळ्याची शस्त्रक्रिया आधी झालेली आहे अशा रुग्णांत नळी आणि ट्रॅबेक्युलेक्टमी यांची तुलना करणारा अभ्यास झाला आहे. २०१२ मध्ये त्याचे पाच वर्षांचे निष्कर्ष आले. ट्रॅबेक्युलेक्टमी साधारण ४७ टक्के डोळ्यांत फसली, नळी साधारण ३० टक्के. "शंभर टक्के काहीच नाही," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या डोळ्याला नळीचं पारडं जड आहे."

दादा आयुष्मान कार्डाचा कागद चाळत बसला होता. म्हणाला, "करा."

ऑपरेशन भूल देऊन साधारण तासाभरात झालं. चकती डोळ्याच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात, स्नायूंच्या खाली सरकवून शिवली. नळीचं टोक डोळ्याच्या आत. आणि एक महत्त्वाची गोष्ट, नळीला बाहेरून विरघळणाऱ्या धाग्याची गाठ मारून ती बंद ठेवली. बिनझडपेची नळी पहिल्या दिवसापासून उघडी ठेवली तर सगळं पाणी वाहून जाईल आणि डोळा फुग्यासारखा बसेल. चकतीभोवती आवरण तयार व्हायला पाच-सहा आठवडे लागतात. तेवढ्यात तो धागा विरघळतो आणि नळी आपली आपण उघडते.

म्हणजे पहिले सहा आठवडे फायदा शून्य. दाब तितकाच, थेंब आणि गोळ्या चालू. गोळ्यांनी बोटांना मुंग्या यायच्या, जेवण जायचं नाही. त्यात नवे थेंब आले ते स्टिरॉइडचे. दादा बाटली वाचून घाबरलाच, "परत तेच?" मग त्याला समजावलं की सूज आणि व्रण आवरायला ते लागतात, पण आता मोजून मापून आणि दर आठवड्याला दाब तपासून. वहिनींनी कालनिर्णयवर रोज एक फुली मारायला सुरुवात केली. बेचाळिसाव्या दिवसाभोवती लाल गोल.

एकोणचाळिसाव्या दिवशी पहाटे वहिनींचा फोन आला. "यांना एकदम धुरकट दिसतंय." माझे पाय लटपटले. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं की असं झालं तर घरी बसायचं नाही, त्याच दिवशी यायचं. रिक्षात दादा माझा हात घट्ट धरून बसला होता. साठीचा माणूस, लहानपणी मला नदीवर पोहायला शिकवणारा. तो एवढंच म्हणाला, "आईसारखं नको रे व्हायला."

तपासलं तर दाब ७. गाठ विरघळली होती, नळी उघडली होती. डॉक्टरीणबाई हसल्या तेव्हा आमच्या जिवात जीव आला. दाब एकदम उतरला की नजर काही दिवस अस्पष्ट होते. तीन-चार आठवड्यांत सगळं स्थिरावलं. आज दाब १२-१३ असतो, तीनऐवजी एकच थेंब लागतो आणि गोळ्या बंद आहेत. दीड वर्षात केलेल्या फील्ड टेस्टमध्ये तो पांढरा ठिपका होता तेवढाच आहे. कमी झालेला नाही. आमच्या घरात त्या ठिपक्याची किंमत फ्लॅटपेक्षा जास्त आहे.

लोक विचारतात म्हणून सांगतो. नळी बाहेरून दिसत नाही. वरची पापणी उचलली तरच मागे पांढरट उंचवटा दिसतो. ती खुपत नाही. तिच्यात धातू नाही. डोळा चोळायचा मात्र नाही. लालसरपणा, दुखणं किंवा नजर कमी वाटली तर त्याच दिवशी दाखवायचं, पाच वर्षांनीसुद्धा.

एक गोष्ट आम्हाला ऑपरेशननंतर कळली. नळी वरच्या नाजूक पडद्याला घासून उघडी पडू नये म्हणून तिच्यावर एक छोटं ठिगळ लावतात. ते ठिगळ बहुधा दान केलेल्या डोळ्याच्या पांढऱ्या भागाचं असतं. दादाचंही तसंच आहे. नेत्रदान म्हटलं की आपल्याला फक्त बुबुळ आठवतं. पण त्याच दान केलेल्या डोळ्याचा बाकीचा भागही असा कुणाच्या तरी कामी येतो. सुरतेत लोकदृष्टी चक्षुबँकेसारख्या संस्था हे काम मनापासून करतात. कुणाच्या घरी दुःख झालेलं असताना त्यांनी सहा तासांच्या आत डोळे दिले आणि त्यातला एक तुकडा माझ्या भावाची नळी झाकून बसला आहे. ती माणसं कोण, हे आम्हाला कधीच कळणार नाही. आम्ही दोघा भावांनी आणि दोघींनी नेत्रदानाचे अर्ज भरले आहेत. काचबिंदू झालेल्यालाही नेत्रदान करता येतं.

आता आईचं. आमची आई शेवटची आठ वर्षं आंधळी होती. गावात सगळे म्हणायचे, म्हातारपण आहे, मोतीबिंदू असेल, आता काय करायचं. ती भिंतीला हात लावत मोरीपर्यंत जायची आणि आम्ही भाऊ दिवाळीला गेलो की हाताने आमचे चेहरे चाचपायची. तिला काय होतं ते आता कुणी सांगू शकत नाही. पण डॉक्टरीणबाईंनी दादाला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "घरात कुणाची नजर गेली होती का?" आणि दादाने मान खाली घातली होती.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात झालेल्या अभ्यासात काचबिंदू असलेल्यांच्या सख्ख्या नातेवाइकांना तो होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे नऊपट दिसली. हे कळल्यावर आम्ही सगळ्यांनी तपासून घेतलं. पुतण्या ठीक निघाला. माझा दाब ठीक, पण नस जरा शंकास्पद, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी. नंदुरबारच्या ताईला आम्ही हट्टाने पॅसेंजरमध्ये बसवून आणलं. ती कुरकुरतच आली, "मला स्पष्ट दिसतंय, सुईत दोरा ओवते मी." दोन्ही डोळ्यांचा दाब २६ आणि नसेला सुरुवात झालेली. आता ती रात्री एक थेंब घालते आणि तिची फील्ड टेस्ट पूर्ण पांढरी आहे. दादाचा डोळा गेला, त्याने ताईचे दोन वाचवले.

तेव्हा मंडळी, विनंती एवढीच. वय चाळीसच्या पुढे असेल, घरात कुणाला काचबिंदू, झामर, काला मोतिया असेल, मधुमेह असेल, जाड चष्मा असेल किंवा स्टिरॉइडचे थेंब, गोळ्या, पंप चालू असतील, तर नेत्रतज्ज्ञांकडून पूर्ण तपासणी करा. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे तपासणी झाली असं नाही. डोळ्याचा दाब बघा आणि बाहुली मोठी करून नस बघा, असं तोंडाने सांगा. खर्चाची अडचण असेल तर नवी सिव्हिल किंवा स्मीमेरच्या नेत्रविभागात जा. आयुष्मान कार्ड असेल तर ऑपरेशन ठरवण्याआधी रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राला विचारून घ्या की काय बसतं आणि काय नाही. आणि थेंब चालू असतील तर बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. काचबिंदूत बरं वाटणं आणि बरं असणं यांचा काही संबंध नाही.

यंदाच्या उत्तरायणलाही आम्ही गच्चीवर होतो. टाकीच्या पाइपाला पुतण्याने पिवळा रंग लावला आहे. दादा खुर्चीत बसून नातवाची फिरकी धरत होता आणि जेवताना वहिनींनी कोशिंबीर मुद्दाम उजवीकडे वाढली. त्याने सगळी संपवली आणि वर मागून घेतली.

पुढच्या महिन्यात भेटूच. तोवर तपासणी करून या आणि आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "झाली" एवढंच कळवा. कळावे, लोभ असावा.